फुगलेली नदी आणि हललेली सुई
(सारंगखेडा येथील व्याख्यानाचं शब्दांकन)



आजचा विषय आहे समुद्राच्या तळातून झिरपणारा वायू, आणि त्यामुळे भूकंपमापकावर उमटणाऱ्या बारीक नोंदी. समुद्र इथून सुमारे दोनशे किलोमीटर. तेव्हा सारंगखेड्यात बसून समुद्रतळाच्या गोष्टी कशाला, असं कुणालाही वाटेल. त्याचं उत्तर आपल्या तापीतच आहे, म्हणून सुरुवात तिच्यापासून करू.

नदीचं पाणी वाढलेलं दिसलं की आपण काय म्हणतो? वर पाऊस झाला. मुलताईकडे, बैतूलकडे, मेळघाटात कुठंतरी कोसळला असणार. हे अनुमान आपण रोज करतो आणि बहुतेक वेळा ते खरं निघतं. आता गंमत बघा. न्यायसूत्रांत, म्हणजे गौतमाच्या ग्रंथात, अनुमानावर आक्षेप घेणारा एक पक्ष उभा केलेला आहे आणि त्याचं उदाहरण नेमकं हेच आहे. तो म्हणतो, नदी फुगली म्हणून वर पाऊस झाला असं कसं म्हणता? खाली कुणी बांध घातला असेल तरीही पाणी फुगतंच की! मग तुमचं अनुमान प्रमाण कसं? हा आक्षेप निदान दीड हजार वर्षं जुना आहे, आणि आज तो या गावाला जितका लागू आहे तितका क्वचितच दुसऱ्या कुठल्या गावाला असेल. सारंगखेड्याला बॅरेज आहे, प्रकाशाला बॅरेज आहे, वर हतनूर आहे, खाली उकाई आहे आणि उकाईचा फुगवटा आपल्या जिल्ह्यापर्यंत येतो. पात्रातलं पाणी वाढलं तर त्याला पाऊस कारण असेल, हतनूरचे दरवाजे उघडले असतील, किंवा इथले दरवाजे बंद केले असतील. ऑगस्ट २००६ मध्ये सुरत बुडाली ती सुरतेच्या पावसानं नव्हे. वर पाऊस झाला, उकाई भरलं आणि तिथून पाणी सोडावं लागलं.

आक्षेपाला नैयायिकांनी दिलेलं उत्तर आम्हाला फार आवडतं. वात्स्यायन नावाचा भाष्यकार (कामसूत्रवाला नव्हे, हा दुसरा) म्हणतो, तुम्ही खूण अर्धीच पाहिली. नुसतं पाणी वाढणं ही पावसाची खूण नाहीच. पावसानं आलेल्या पुराला ओढ असते, फेस असतो, त्यात पानं, फळं, लाकडं वाहत येतात. बांधानं तुंबलेलं पाणी संथ चढतं. दोन्ही ठिकाणी ‘पाणी वाढलं’ हा शब्द एकच, पण वस्तू दोन. पोटतिडकीनं वाद घालण्याआधी काठावर उतरून पाण्याकडे नीट बघा, इतकंच तो सांगतो. आजचं सगळं व्याख्यान या उत्तराभोवती फिरणार आहे. नदीच्या जागी भूकंपमापकाची सुई ठेवा. सुई हलली. कशानं हलली?

आता मुंबईला जाऊ. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची, ईस्ट इंडिया कंपनीनं काढलेली. १८४१ पासून तिथं पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी सुरू झाल्या. पुढे १२ जून १८९७ ला आसामात महाभयंकर भूकंप झाला. त्याचा अभ्यास भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या ओल्डहॅमनं केला, आणि त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली जी आज शाळेतली मुलंही शिकतात. भूकंपाच्या लहरी एकाच वेळी येत नाहीत. आधी वेगवान प्राथमिक लहर येते, मग तिच्यामागून दुय्यम लहर, शेवटी पृष्ठभागावरून सरकत येणाऱ्या लांब लहरी. याला आम्ही भूकंपाचा फेस आणि पानं-फळं म्हणू. सुई नुसती हलून भागत नाही, ती या क्रमानं हलली पाहिजे, आणि दूरच्या दुसऱ्या केंद्रावरही, अंतराच्या हिशोबानं थोड्या उशिरा, अशीच हलली पाहिजे.

त्याच सुमारास जॉन मिल्न या इंग्रज शास्त्रज्ञानं जगभर आपले भूकंपमापक बसवण्याची खटपट चालवली होती. हा माणूस जपानात बरीच वर्षं राहून भूकंपशास्त्रात मुरलेला. आपल्याकडे १८९८-९९ च्या सुमारास कलकत्त्याजवळ अलिपूर, मुंबईत कुलाबा आणि दक्षिणेत कोडाईकनाल इथं त्याची यंत्रं आली. कुलाब्याचे संचालक तेव्हा नानाभाई मूस होते, त्या पदावर बसलेले पहिले भारतीय. मूस यांच्यासमोर एक वेगळंच संकट उभं होतं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या. विजेचा प्रवाह रुळांतून जमिनीत गेला की चुंबकसूची थरथरणार, मग ती थरथर सूर्याची, पृथ्वीची की ट्रामची हे कसं ओळखायचं? त्यांनी ट्रामशी भांडण केलं नाही. अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभारली, १९०४ पासून तिथं नोंदी सुरू केल्या, आणि १९०६ पर्यंत कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चालू ठेवलं. ट्राम १९०७ ला धावली. दोन वर्षांचं ते दुहेरी मोजमाप आम्हाला अलिबागच्या इमारतीपेक्षा मोलाचं वाटतं, कारण त्यामुळे जुन्या आणि नव्या नोंदींचा सांधा जुळला. ती मालिका आजही अखंड आहे.

ट्राम निदान ओळखीची तरी होती. कुलाब्याच्या भूकंपमापकावर मात्र पावसाळाभर एक निराळीच थरथर दिसायची. जूनमध्ये सुरू व्हायची, सप्टेंबरकडे ओसरायची. काही सेकंदांच्या आवर्तनाच्या बारीक लहरी, दिवसेंदिवस चाललेल्या. कुठं भूकंप नाही, घराची कौलं हललेली नाहीत. अशा सूक्ष्मकंपांची दखल युरोपात आधीच घेतली गेली होती. इटलीत बेर्तेल्ली नावाच्या धर्मगुरूनं १८७० नंतरच्या वर्षांत लंबकांकडे बघत बसून हजारो निरीक्षणं केली, आणि पृथ्वी सतत कुजबुजते आहे असा दावा केला. लोकांनी त्याला विचारलं, की कशावरून हा वारा नाही, रस्त्यावरून गेलेली गाडी नाही? प्रश्न रास्तच होता.

कुलाब्याला या थरथरीच्या मागे लागले सुधांशुकुमार बॅनर्जी. भूकंपमापकाचा कागद एका हाती आणि हवामानाचे नकाशे दुसऱ्या हाती, असं त्यांचं काम. १९३० साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा दीर्घ निबंध आला. त्यात त्यांनी दाखवलं, की भारताभोवतीच्या समुद्रात मोसमी वारे खवळले की सूक्ष्मकंप वाढतात, चक्रीवादळ आलं की त्यांची तऱ्हा बदलते. म्हणजे जमिनीवर बसवलेलं यंत्र शेकडो मैल दूरच्या समुद्राची बातमी देत होतं. आपल्याकडे पावसाळ्यात समुद्र ‘गाजतो’ म्हणतात. तो जमिनीतूनही गाजतो हे बॅनर्जींनी कागदावर आणलं. पुढे १९४४ मध्ये ते भारतीय हवामान खात्याचे प्रमुख झाले, त्या पदावरचे पहिले भारतीय.

पण इथं एक अडचण राहिली, आणि ती तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यानं लक्षात ठेवावी अशी आहे. समुद्र खवळणं आणि सुई थरथरणं यांचं साहचर्य सिद्ध झालं. पण कसं? लाट ही पाण्याच्या वरच्या थरातली हालचाल. खोल गेलं की तिचा दाब विरत जातो. पाणबुडीतल्या माणसाला वरचं वादळ जाणवत नाही. मग हजारो फूट खालच्या तळाला ती लाट हलवणार कशी? धूर आणि अग्नी एकत्र दिसले, पण अग्नीतून धूर निघतो कसा हे कळलं नाही, अशी ही अवस्था. उत्तर मिळालं १९५० मध्ये. लाँगेट-हिगिन्स या इंग्रज गणितज्ञानं दाखवलं, की समोरासमोरून येणाऱ्या दोन लाटा एकमेकींना भिडल्या की जो दाब तयार होतो तो खोलीबरोबर विरत नाही, थेट तळापर्यंत पोचतो, आणि त्याची वारंवारता मूळ लाटांच्या दुप्पट असते. किनाऱ्यावरून परतलेली लाट आणि येणारी लाट, किंवा चक्रीवादळाच्या पोटात चहूबाजूंनी उठणाऱ्या लाटा. बॅनर्जींच्या निबंधानंतर वीस वर्षांनी त्यांच्या नोंदींना असा पाया मिळाला. आमच्या मते या इतिहासात त्यांना मिळायला हवा तेवढा मान अजून मिळालेला नाही. शालेय पुस्तकांत भूकंपाच्या धड्यात त्यांचं नाव निदान एका ओळीत तरी यावं.

दरम्यान या बाजूला, १४ मार्च १९३८ ला सातपुड्यात भूकंप झाला. सहाच्या वर तीव्रता, आपल्या पूर्वेकडच्या सातपुड्याच्या पट्ट्यात केंद्र, आणि खोली सुमारे चाळीस किलोमीटर. एवढ्या खोलीमुळे तो फार मोठ्या प्रदेशात जाणवला, पण वर त्या मानानं नासधूस कमी झाली. तापीचं खोरं हे भूगर्भातल्या जुन्या भेगांच्या पट्ट्यावर आहे. शहादा तालुक्यातलं उनपदेवाचं गरम पाणी त्याच पट्ट्याचं. तेव्हा इथल्या माणसाला ‘भूकंप म्हणजे कुठंतरी लांब’ असं म्हणून चालत नाही.

आता समुद्रतळाकडे. जमिनीवरची यंत्रं समुद्राखालच्या भेगांचं नीट ऐकू शकत नाहीत, म्हणून गेल्या साठेक वर्षांत यंत्रं समुद्राच्या तळावर ठेवायला सुरुवात झाली. कल्पना साधी. एका पेटीत भूकंपमापक, सोबत पाण्यातला दाब ऐकणारं यंत्र, खाली वजन. जहाजावरून सोडलं की तळाला जाऊन बसतं. काही महिने ऐकत राहतं. मग जहाजावरून ध्वनीची खूण दिली की वजन सोडून देतं आणि वर तरंगत येतं. कधी येतही नाही, तो भाग वेगळा!

वर आलेल्या नोंदी बघताना सगळीकडच्या मंडळींना एक विचित्र प्रकार आढळायला लागला. अगदी छोटे ठोके. एका सेकंदाहूनही कमी वेळाचे. सेकंदाला साधारण ४ ते ३० कंपनं. दिवसाला कधी मोजके, कधी शेकडो. आणि तीन लक्षणं अशी, की ज्यांनी ते भूकंपाच्या जातीत बसत नव्हते. एक तर प्राथमिक आणि दुय्यम लहरींची जोडी त्यांत दिसेना, एकच ठोका आणि थोडी शेपटी. दुसरं, एका यंत्रावर ठोका पडला तर काही किलोमीटरवरच्या शेजारच्या यंत्राला त्याचा पत्ताच नसे. आणि तिसरं, ते आपसांत फार सारखे दिसत. वात्स्यायनाच्या भाषेत, पाणी वाढलं खरं पण फेस नाही, पानं नाहीत, लाकडं नाहीत.

मग हे काय? १९८१ मध्ये टेक्सासच्या काही शास्त्रज्ञांनी या ठोक्यांमागे समुद्री जीव असावेत असा तर्क मांडला. मासा येऊन यंत्राला धडकतो, खेकडा वर चढतो, कुणी उगाच हुंगून जातं. हसू नका! तळावर मैलोन्‌मैल काही नसताना एक चमकदार पेटी येऊन पडली तर कुतूहल कुणाला वाटणार नाही? सारंगखेड्याच्या यात्रेत नवा घोडा उतरला की त्याच्याभोवती गर्दी होतेच ना. जिवांची शक्यता अजूनही सगळ्या ठिकाणी फेटाळलेली नाही. पण काही ठिकाणी हे ठोके नेमके तिथंच दाट होते जिथं तळातून वायू बाहेर पडतो. तिथून दुसरी विचारधारा सुरू झाली.

वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. तळाच्या गाळात सडणाऱ्या जैव पदार्थांतून सूक्ष्मजीव तो तयार करतात, किंवा फार खोलवर उष्णतेनं तो बनतो आणि भेगांतून वर सरकतो. गाळ म्हणजे घट्ट मऊ चिखल. त्यात वायू साठतो, दाब वाढतो, चिखल ताणला जातो, आणि एका क्षणी बारीक चीर उघडून वायू निसटतो. दाब उतरला की चीर मिटते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. घरी पिठलं शिजताना बघा. वरती साय धरलेली असते, खाली वाफ कोंडते, आणि मग ‘पुक्’ करून बुडबुडा फुटतो, चुलीजवळच्या हाताला चटका बसतो. पिठलं पातळ असेल तर बुडबुडे भराभर येतात, घट्ट असेल तर थांबून थांबून, पण जोरात. समुद्राचा तळही चिखलाच्या घट्टपणानुसार असाच वागतो. आणि पातेल्याच्या या कडेला फुटलेल्या बुडबुड्यानं त्या कडेचं पिठलं हलत नाही. म्हणून शेजारच्या यंत्राला काही कळत नाही.

ही गोष्ट नुसत्या कुतूहलाची राहिली नाही ती तुर्कस्तानमुळे. १७ ऑगस्ट १९९९ ला इझमितला भूकंप झाला, सतरा हजारांहून जास्त माणसं गेली. त्याला जन्म देणारी भेग पश्चिमेकडे मार्मारा समुद्राखालून जाते आणि इस्तंबूलच्या अगदी जवळून जाते. दीड कोटीहून अधिक वस्तीचं शहर. त्या तुकड्यातला मागचा मोठा भूकंप १७६६ चा. म्हणजे तिथं ताण साठतो आहे की हळूहळू निसटून जातो आहे, हा प्रश्न दीड कोटी लोकांच्या जिवाचा झाला. याचं उत्तर शोधण्याचा एक मार्ग म्हणजे भेगेवरचे बारीक धक्के मोजणं. धक्के कुठं होतात, किती खोल होतात, कुठं अजिबात होत नाहीत. त्यासाठी फ्रेंच आणि तुर्की शास्त्रज्ञांनी मार्माराच्या तळावर यंत्रं ठेवली. आणि त्या भेगेतून तर वायूचे लोटच्या लोट बाहेर पडत होते!

आता पेच लक्षात घ्या. बुडबुड्याचा ठोका धक्का म्हणून मोजला, तर भेग सतत हलते आहे, ताण सुटतो आहे, काळजी नको, असा समज होईल. उलट खरा धक्का बुडबुडा समजून टाकून दिला, तर भेग गप्प आहे असं वाटेल. दोन्ही चुका महाग. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या छोट्या ठोक्यांची वेगळी जात ठरवून त्यांचा संबंध वायूच्या सरकण्याशी आणि तळातून निसटण्याशी जोडला गेला. पुढे उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्डजवळच्या समुद्रातही, जिथं तळातून मिथेन निघतो, असेच ठोके नोंदले गेले. म्हणजे व्याप्ती एका समुद्रापुरती राहिली नाही.

पण निसर्ग आपल्या सोयीनं दोनच खाने करत नाही. २५ जुलै २०११ ला मार्मारात पाचच्या आसपास तीव्रतेचा भूकंप झाला. त्याच्यामागून आलेले बरेच बारीक धक्के उथळ निघाले, ज्या थरांत वायू साठलेला आहे त्याच थरांत. २०१८ च्या अभ्यासानं मांडलं, की खालच्या खडकातल्या मुख्य धक्क्यानं वरच्या थरातल्या वायूला डिवचलं आणि त्यानं आपले वेगळे धक्के दिले. हे धक्के खरे होते, त्यांना प्राथमिक-दुय्यम लहरी होत्या, पण त्यांचं कर्तृत्व मुख्य भेगेचं नव्हे, वायूचं. म्हणजे तीन जाती झाल्या. भेगेचा धक्का, वायूनं घडवलेला धक्का, आणि धक्काच नसलेला वायूचा ठोका. एप्रिल २०२५ मध्ये त्याच समुद्रात ६.२ चा भूकंप झाला. हे वर्गीकरण कागदी नाही, हे सांगायला तो पुरे.

आपल्या समुद्रात काय आहे? कोकण-गोव्याच्या किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात मऊ काळा गाळ आहे आणि त्यात वायू आहे. गोव्याच्या दोनापावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नव्वदीच्या दशकात हे सविस्तर मांडलं. ध्वनिलहरी खाली सोडल्या की गाळाचे थर एकावर एक स्पष्ट दिसायला हवेत. इथं काही पट्ट्यांत चित्र एकदम धूसर होतं, जणू कुणी ओला हात फिरवला. बुडबुडे आवाज पसरवून टाकतात. त्या धुसरपणालाच वायूची खूण मानतात. इथंही तीच गोष्ट. नकाशा काढणाऱ्याला जो त्रास, तो वायू शोधणाऱ्याला पुरावा.

आणि तापी? सुरतेच्या नैर्ऋत्येला भर समुद्रात नैसर्गिक वायूचं एक क्षेत्र आहे, त्याचं नावच ‘ताप्ती’. नकाशावर आपल्या नदीचं नाव पाण्यात जाऊनही टिकलंय. पण घाई करू नका. तो वायू कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या खडकांतला. यंदा इथून वाहून गेलेल्या गाळाचा त्याच्याशी काही संबंध नाही. नाव सारखं म्हणून कारण सारखं, हा हेत्वाभास व्याख्यानं ऐकणाऱ्यांत फार लवकर पसरतो, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आता समुद्र सोडू आणि महाराष्ट्राच्या जमिनीवर येऊ, कारण खरी जखम इथं आहे. बारीक खुणांच्या बाबतीत आपण जे भोगलं ते वायूच्या बाबतीतलं नव्हे, पण पेच तोच आहे.

कोयनेचं धरण भरायला लागलं १९६१-६२ नंतर. शिवाजीसागराच्या आसपास जमिनीतून आवाज यायला लागले, बारीक धक्के जाणवायला लागले. हा दख्खनचा खडक, भक्कम, इथं भूकंप कसला, अशी त्या वेळची सर्वमान्य समजूत होती. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ चा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, सुमारे १८० माणसं गेली. त्यानंतर जगभर धरणाचं पाणी आणि भूकंप यांचा संबंध अभ्यासताना कोयनेचं नाव पहिलं घेतलं जाऊ लागलं. खडकाच्या बारीक भेगांत पाणी शिरतं, त्याचा दाब भेगेच्या दोन्ही कडांना जरा सैल करतो, आणि आधीच ताणात असलेली भेग घसरते. पाणी ताण निर्माण करत नाही, घसरायला निमित्त देतं. तिथं आजही धक्के चालू आहेत. म्हणून कराडला स्वतंत्र प्रयोगशाळा उभी राहिली आणि गोठणे इथं सुमारे ३ किलोमीटर खोल भोक पाडून खडकाची तपासणी झाली.

किल्लारीची गोष्ट जास्त बोचते. १९९२ साली तिथं बारीक धक्के आणि जमिनीतले आवाज जाणवत होते. लोक घाबरले, तक्रारी झाल्या, मग धक्के थांबले आणि लोक पुन्हा घरांत झोपायला लागले. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराला, गणपती विसर्जन करून झोपलेल्या गावांवर दगडमातीची घरं कोसळली. सरकारी हिशोबानंच सुमारे आठ हजार माणसं गेली. आता काही जण म्हणतात, खुणा होत्याच, वाचता आल्या असत्या. आम्हाला हे म्हणणं पटत नाही. पालघर बघा. डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून हजारो धक्के झाले. लोकांनी थंडीत तंबूत रात्री काढल्या, भिंतींना तडे गेले, मोठा धक्का मात्र चारच्या थोडा वर जाऊन थांबला. त्या धक्क्यांमागेही जमिनीत मुरलेल्या पाण्याचा हात असल्याचं अभ्यासक सांगतात. किल्लारीतही बारीक धक्के, पालघरमध्येही बारीक धक्के. एकीकडे पुढं महाभूकंप, दुसरीकडे नाही. ‘बारीक धक्के’ एवढ्याच हेतूवरून ‘मोठा भूकंप’ हे साध्य निघत नाही. तर्कशास्त्रात याला व्यभिचार म्हणतात, खूण कधी कार्याबरोबर राहते, कधी त्याला सोडून जाते.

पण म्हणून किल्लारीच्या लोकांची तक्रार खोटी ठरत नाही. खूण अपुरी असणं वेगळं आणि ती ऐकून न घेणं वेगळं. १९९२ मध्ये त्या परिसरात जवळ यंत्रं असती, तर धक्के कुठं, किती खोल, हे कळलं असतं. तारीख सांगता आली नसती, पण खडकात काय चाललंय याचं चित्र मिळालं असतं आणि घरं कशी बांधावीत हे बोलायला वर्षभराचा अवधी होता. पालघरला तशी यंत्रं लवकर गेली, कारण मधे किल्लारी घडलं होतं.

नैयायिकांचा आणखी एक दाखला सांगून भाषणाचा हा भाग थांबवतो. लांब डोंगरावर काहीतरी धुरकट दिसतंय. धूर आहे की धुकं, हे ठरलेलं नाही. अशा वेळी ‘तिथं आग आहे’ असं अनुमान करणाऱ्याची खूण संदिग्धासिद्ध म्हणतात. म्हणजे खूण मुळात आहे की नाही हेच संशयात. समुद्रतळावरचा एकुलता ठोका हा त्यातला प्रकार. त्यावर उपाय दोनच, जवळ जाऊन बघणं, किंवा दुसऱ्या जागेवरून बघणं. मार्मारात एकापेक्षा जास्त यंत्रं ठेवली ती याचसाठी. शेजारच्या यंत्राची शांतता हाच तिथं मोठा पुरावा ठरला. न घडलेली गोष्ट पुरावा कशी होते, यावर आपल्याकडे मीमांसकांनी अनुपलब्धी नावाचं स्वतंत्र प्रमाणच मानलं आहे. तो विषय पुढच्या वेळी.

(श्रोत्यांचे प्रश्न)

प्रश्न आला आहे, की समुद्रातून निघणारा हा वायू पकडून वापरता येणार नाही का? झिरपणारा वायू थोडा आणि विखुरलेला. त्यातला बराचसा तळाच्या वरच्या थरातले सूक्ष्मजीवच खाऊन टाकतात, उरलेल्यातला पुष्कळसा पाण्यात विरघळतो. मात्र आंध्रच्या किनाऱ्यासमोर, कृष्णा-गोदावरीच्या खोऱ्यात, खोल पाण्याखाली मिथेन बर्फासारखा गोठलेला आहे. २००६ च्या मोहिमेत तिथं त्याचा शंभर मीटरहून जाड थर सापडला. तो काढायचा कसा, हा अभियंत्यांचा प्रश्न आहे, आमचा नव्हे.

दुसरा प्रश्न अपेक्षितच होता. दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा व्यवहार करणाऱ्या एका दादांनी विचारलंय, घोड्याला भूकंप आधी कळतो हे खरं का? दादा, काही सेकंद आधी कळू शकतो. प्राथमिक लहर हलकी असते, ती माणसाला जाणवत नाही, जनावराला जाणवू शकते, आणि जोराची दुय्यम लहर मागून येते. केंद्रापासून जितकं लांब तितके सेकंद जास्त. पण दोन दिवस आधी कळतो का, याचा हिशोब करायचा असेल तर एक वही करा. घोडा विनाकारण बुजला, दावणीला ओढ घेऊ लागला, चारा सोडला, की तारीख लिहा. भूकंप झाला तरी लिहा आणि नाही झाला तरी लिहा. आजवर लोकांनी भूकंप झालेल्या दिवसाचा घोडा तेवढा लक्षात ठेवला. बाकीच्या दिवशी तो कुत्र्याला बुजला होता, फटाक्याला बुजला होता, नव्या मालकाला बुजला होता, ते कुणी लिहिलं नाही. पाच वर्षांची अशी वही असेल तर पुढच्या यात्रेला घेऊन या, आपण बसून मोजू.